पाण्यात उभी राहिलेली माणसे

एका गावात एक पाट होता आणि सगळ्या पाटांना असतात तसे त्यालाही दोन काठ होते. एक उगवतीचा, एक मावळतीचा. गावातल्या माणसांची अशी समजूत होती, की उभे राहायला जगात एवढ्या दोनच जागा आहेत.

नदीवरच्या बंधाऱ्यातून पाणी पाटात येई आणि शेते भिजवत दोन कोस जाई. कोणाच्या शेतात पाणी कधी सोडायचे आणि कधी बंद करायचे, हे ठरवणाऱ्याला पाटकरी म्हणत. हा पाटकरी गाव दरवर्षी निवडत असे. तुळशीचे लग्न लागले की दुसऱ्या दिवशी सकाळी दर उंबऱ्यामागे एक माणूस पाटावर येई. ज्याला निंबाजी हवा त्याने उगवतीच्या काठावर उभे राहायचे, ज्याला चांगदेव हवा त्याने मावळतीच्या. मग सोमा गुरव सूप घेऊन निघे आणि एकेका माणसामागे एकेक चिंचोका सुपात टाकी. ज्या काठाचे चिंचोके जास्त, त्या काठाचा पाटकरी. गुरवाला शेत नव्हते, त्यामुळे त्याच्या मोजणीवर कोणी शंका घेत नसे.

निंबाजीच्या आधी त्याचा बाप उभा राही, चांगदेवच्या आधी त्याचा चुलता. निंबाजी निवडून आला की पाणी उगवतीच्या उसाला जाई. चांगदेव आला की मावळतीच्या केळीला. दोघे एकमेकांना पाण्यात पाहत, आणि आपापल्या माणसांनाही तसेच पाहायला शिकवत. "त्या काठावर पाय ठेवलास की वाटोळं झालं म्हणून समज," असे दोन्हीकडे सारख्याच शब्दांत सांगितले जाई. हे शब्द सारखे आहेत, हे मात्र कोणाच्या लक्षात येत नसे, कारण एका काठावरचा माणूस दुसऱ्या काठावर बसून कधी ऐकतच नव्हता.

पाट जिथे मातीत मुरून संपे, तिथे सतरा घरांची शेते होती. त्या भागाला शेवटचा फड म्हणत. निवड जवळ आली की निंबाजी फडावर येई, ओट्यावर बसून चहा पिई आणि म्हणे, "औंदा शेवटचं पाणी तुम्हाला नक्की." तो गेला की चांगदेव येई, त्याच ओट्यावर बसे आणि तेच म्हणे. पुढे गव्हात दाणा भरायची वेळ येई, आणि नेमके तेव्हाच पाणी तुटे. ओंब्या ताठ उभ्या राहत, पण हातावर चोळल्या की नुसते कूस उडे. सतरा घरांपैकी पाच घरे दाराला कुलूप घालून परगावी कामाला निघून गेली होती.

उरलेल्या बारांत मथाबाईचे घर होते. नवरा वारल्यावर ती एकटीच शेत करी. दर उन्हाळ्यात पाटातला गाळ काढायला ती जात असल्यामुळे पाट कुठे फुटतो, कुठे झिरपतो आणि कुठे रात्रीतून कोणी भोक पाडतो, हे तिला तोंडपाठ होते. आणखी दोन-तीन हंगाम ओंब्या पोकळ निघाल्या तर आपल्याही दाराला कुलूप लागणार, हे तिने ओळखले होते. या घरात ती लग्न होऊन आली होती आणि इथून जायची तिची अजिबात इच्छा नव्हती.

तिने खूप विचार केला आणि एक साधी गोष्ट तिच्या ध्यानात आली. ती घरोघरी जाऊन सांगू लागली, "पाणी वरून खाली देता, म्हणून शेवटी पोचत नाही. शेवटापासून वर द्या. आधी फड, मग त्याच्या वरचा, मग त्याच्या वरचा. शेवटच्याकडं पाणी न्यायचं तर वाटेतली सगळी भोकं बुजवावी लागतील. ती बुजली की पाणी सगळ्यांनाच पुरतं."

लोकांना पटले. दोन्ही काठांवर लहान शेतवाले होतेच, आणि मोठ्यांचा ऊस नि केळी भिजेपर्यंत त्यांनाही ताटकळावे लागे. चाळीस-पन्नास जणांनी तरी मान डोलावली.

"पण मथाआक्का," तिची शेजारीण द्वारका म्हणाली, "तू उभी कुठं राहणार? काठ तर दोनच."

"काठावर कशाला?" मथाबाई म्हणाली. "पाटात उभी राहीन."

तुळशीच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी एकशे बारा उंबऱ्यांची माणसे पाटावर जमली. मथाबाईने लुगडे वर खोचले आणि ती पाटात उतरली. पाणी गुडघाभर होते आणि कार्तिकातले असल्यामुळे चांगलेच गार होते. तिच्या मागून फडातली सहा माणसे उतरली, त्यांत द्वारकाही होती. मान डोलावणारे चाळीस-पन्नास जण काठांवरून पाहत राहिले. प्रत्येकाच्या मनात एकच हिशेब चालला होता. बाईचे म्हणणे खरे आहे, पण बाकीचे कोणी उतरत नाहीत. मग मी एकटा उतरून काय होणार? उलट माझा काठ एका माणसाने कमी होईल आणि पलीकडचा निवडून येईल.

गुरवाने सूप फिरवले. उगवती बावन्न, मावळती त्रेपन्न, पाण्यात सात.

निंबाजी एका चिंचोक्याने पडला आणि संतापाने लालबुंद झाला. पाण्यातल्या सातांपैकी सहा जण दरवर्षी त्याच्या काठावर असत. "बाई, तुझ्यामुळं आला हो चांगदेव!" तो ओरडला. "पाण्यात उभं राहून काय मिळवलंस? गारठा?"

चांगदेव जिंकला, पण सात माणसे आपल्या काठावर आली नाहीत, हे तोही विसरला नाही. निंबाजीच्या वेळी फडाला निदान पाण्याची एखादी पाळी तरी मिळे. चांगदेवने तीही दिली नाही. मथाबाई विचारायला गेली तेव्हा तो हसून म्हणाला, "तुम्ही तर पाण्यातच उभ्या होता की. तुम्हाला आणखी पाणी कशाला?"

त्या वर्षी गहू कमरेइतकासुद्धा वाढला नाही. फाल्गुनात द्वारकाने भांडी पोत्यात भरली. "आक्का, तुझ्या हट्टापायी होतं तेही गेलं," एवढे बोलून तिने दार ओढून घेतले. आणखी दोन घरांनी तिच्यामागोमाग कुलूप लावले. मथाबाई आपल्या दारात बसून त्या तीन कुलुपांकडे पाहत राहिली. द्वारका म्हणाली ते तिला खोटे म्हणता येईना. तिला रडू आले आणि ती पुष्कळ रडली.

पुढच्या वर्षी एकशे नऊ उंबरे उरले. मथाबाई पुन्हा पाटात उतरली. फडातून या वेळी एकच जण तिच्याबरोबर आला, कारण बाकीच्यांना गेल्या वर्षीचा धडा पुरेसा होता. पण मावळतीच्या काठावरची तीन माणसे, ज्यांची केळी चांगदेवच्याच राज्यात वाळली होती, ती मुकाट्याने खाली उतरली. उगवती त्रेपन्न, मावळती एक्कावन्न, पाण्यात पाच.

आता चांगदेव पडला आणि आता तो लालबुंद झाला. ती तीन माणसे काठावर असती तर तोच निवडून येत होता. निंबाजी पाटकरी झाला, पण मागचा राग धरून त्यानेही फडाकडे पाणी फिरकू दिले नाही. फडातले आणखी एक घर बंद झाले.

दोन वर्षांत दोघांनाही पाण्यातल्या माणसांनी पाडले होते. त्यामुळे चांगदेव कधी नव्हे तो निंबाजीला भेटायला निरोप पाठवता झाला. देवळाच्या सभामंडपात गाव जमले.

"पाण्यात उभं राहायला बंदी करा," चांगदेव म्हणाला.

"बरोबर आहे आबांचं," निंबाजी म्हणाला. आपण चांगदेवला बरोबर म्हटले, हे ऐकून तो स्वतःच जरा दचकला.

सोमा गुरव हळूच म्हणाला, "बंदी केली तर ती माणसं घरी बसतील. तुमच्या काठावर येतील असं कुठं आहे?"

तेव्हा मथाबाई उठली. "बंदी नको, दोनदा मोजा," ती म्हणाली. "पहिल्यांदा ज्याला जिथं वाटेल तिथं त्यानं उभं राहावं. तिन्हींत जिथं सगळ्यांत कमी माणसं असतील, त्यांनी ती जागा सोडायची आणि उरलेल्या दोहोंपैकी एकीकडं जायचं. मग दुसरी मोजणी. तीच खरी धरायची."

निंबाजीने मनात आकडे मांडले. बाईची माणसे पाच, फार तर दहा. तीच सगळ्यांत कमी. ती उठून येणार कुठे? फड तर पूर्वीपासून आपलाच. चांगदेवनेही मनात आकडे मांडले. निंबाजीने फडाला दुष्टावा दाखवला आहे, तेव्हा ती माणसे येणार आपल्याकडे. दोघांनी एकदमच "चालेल" म्हटले. सगळ्यांत कमी आपणच निघालो तर काय, हा विचार दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आला नाही. पिढ्यान् पिढ्या पहिला किंवा दुसराच नंबर येत असला की माणसाला तिसरा नंबर असतो हे आठवत नाही.

ठरल्याप्रमाणे गुरवाने देवासमोर नारळ फोडला आणि ती रीत पक्की झाली.

मथाबाई पुन्हा घरोघरी गेली. पाणी शेवटापासून वर, हे तिने आता परत सांगितले नाही, कारण ते दोन वर्षांपूर्वीच सगळ्यांना पटले होते. ती फक्त एवढेच म्हणाली, "औंदा भ्यायचं कारण नाही. पहिल्यांदा मनातल्या जागी उभे राहा. नाही जमलं तर दुसऱ्यांदा आपल्या काठावर परत जा. तुमचं काही जात नाही."

दिवस उजाडला. एकशे आठ उंबरे राहिले होते. मथाबाई पाटात उतरली, फडातली बाकीची सातही घरे या वेळी उतरली, आणि मग काही वेळ काहीच घडले नाही. काठावरची माणसे एकमेकांच्या तोंडाकडे पाहत होती. कोणी पंचा झटकला, कोणी उगीच खोकला काढला.

तेवढ्यात निंबाजीचा सख्खा चुलतभाऊ सावळाराम खाली बसला आणि जोडे काढू लागला.

"काय रे, काय झालं?" निंबाजीने विचारले.

"काही नाही, तात्या. जरा उतरतो. दुसऱ्या मोजणीला येतोच की परत."

सावळाराम उतरला आणि गारठ्याने त्याने 'अरे देवा' म्हटले. लोक हसले. त्या हसण्यात आणखी दोघे उतरले, मग मावळतीकडून चौघे. प्रत्येक जण उतरताना आपल्या काठाकडे वळून सांगत होता, "येतोच परत." इतकी वर्षे जो तो स्वतःला एकटा समजत होता. आता पाटात उभे राहून जो तो शेजाऱ्याला म्हणत होता, "अरे, तू पण?"

पाटात इतकी माणसे दाटली की पाणी अडले. गुडघ्याचे मांडीला लागले आणि काठावरून वाहू लागले. निंबाजीचे नवे जोडे भिजले तसा तो दोन पावले मागे सरला.

गुरवाने सूप फिरवायला आज नेहमीच्या दुप्पट वेळ घेतला. मग त्याने आकडे सांगितले. "उगवती अडतीस. पाणी सदतीस. मावळती तेहतीस." तो थांबला आणि चांगदेवकडे न पाहता म्हणाला, "मावळतीवाल्यांनी काठ सोडावा."

"हे आमच्यासाठी ठरलं नव्हतं," चांगदेव म्हणाला.

"कुणाचं नाव घालून ठरलं नव्हतं, आबा," गुरव म्हणाला.

पलीकडून निंबाजी मोठ्याने हसला. "या आबा, या! इकडं कोरडं आहे. या आमच्या आश्रयाला."

चांगदेवच्या शेजारी लिंबा माळी उभा होता. तो चांगदेवच्या चुलत्याच्या वेळेपासून त्या काठावर उभा राहत आला होता आणि आता त्याला नीट दिसतही नव्हते. तो म्हणाला, "आबा, त्या काठावर पाय ठेवला की वाटोळं, हे तुम्हीच सांगत आलात. मी नातवंडांनाही तेच शिकवलं. आता कुठं जायचं ते तुम्हीच सांगा."

चांगदेवने निंबाजीच्या काठाकडे पाहिले. निंबाजी अजून हसत होता. तो हसला नसता तर कदाचित गोष्ट वेगळी झाली असती. चांगदेव काठावर खाली बसला. त्याने जोडे काढून बाजूला ठेवले, धोतर वर खोचले आणि पाय पाटात सोडले. "गार आहे," तो कोणाला उद्देशून नव्हे, असाच म्हणाला. मग त्याने लिंबा माळ्याचा हात धरून त्यालाही सांभाळून खाली घेतले.

मागोमाग मावळतीचा काठ रिकामा झाला. चार माणसे पाटावरच्या लाकडी साकवावरून उगवतीकडे गेली, बाकी सगळी पाण्यात. "येतोच परत" म्हणून उतरलेला सावळाराम जागचा हलला नाही. त्याला कोणी हटकलेही नाही. दुसरी मोजणी झाली. उगवती बेचाळीस, पाण्यात सहासष्ट.

मथाबाई पाटकरी झाली. जी भोके तिला तोंडपाठ होती ती तिने पहिल्या आठ दिवसांत बुजवून घेतली. पाणी शेवटापासून वर दिले गेले. निंबाजीचा ऊस जळाला नाही आणि चांगदेवची केळीही वाळली नाही, याचे सगळ्यांत जास्त नवल त्या दोघांनाच वाटले. माघात मथाबाईने एक ओंबी तोडून तळहातावर चोळली. हातात टपोरे दाणे राहिले. ते तिने चिंधीत बांधले आणि द्वारकाला परगावी धाडून दिले, सोबत निरोप काही दिला नाही. द्वारका होळीच्या आत परत आली आणि तिने कुलूप काढले.

पुढच्या कार्तिकात मथाबाईची माणसे तिच्याकडे आली. सावळाराम त्यांच्या पुढे होता. "आक्का, आता ती दुसरी मोजणी बंद करून टाकू. आपण सहासष्ट आहोत, एकदाच मोजलं तरी आपणच येतो. उगाच कोणाला संधी कशाला द्यायची?"

मथाबाईने विचारले, "सावळाराम, तू पाटात कधी उतरलास?"

"गेल्या वर्षी."

"पहिल्या दोन वर्षांत का नाही उतरलास?"

सावळाराम खाली पाहू लागला. दुसरी मोजणी कायम राहिली.

त्या वर्षी तुळशीच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी पाटात गर्दी झाली होती आणि दोन्ही काठांवर थोडी थोडी माणसे होती. तेवढ्यात भाता बाजूला ठेवून गावचा लोहार आला आणि साकवावर जाऊन उभा राहिला. त्याच्याबरोबर दोघे होते. ज्यांना शेतच नाही त्यांच्या गुरांनाही पाटातून पाणी मिळावे, असे त्याचे म्हणणे होते.

"तिथं कुठं उभा राहिलास रे?" पाण्यातून सावळाराम ओरडला. "तिघांनी काय होणार आहे? उगाच आमची माणसं फोडतोस!"

सगळे हसले. निंबाजी हसला, चांगदेव हसला आणि गंमत म्हणजे पाण्यात उभी असलेली माणसे सर्वांत जास्त हसली. सोमा गुरव सूप घेऊन साकवापाशी घुटमळला आणि त्याने मथाबाईकडे पाहिले.

मथाबाई हसली नव्हती. तिने पाण्यातूनच वर साकवाकडे पाहिले आणि गुरवाला म्हणाली, "थांबलास का? तीन चिंचोके टाक."

तात्पर्य: तिसऱ्याला दोघांचे बळ हरवत नसते, 'आपल्याशिवाय कोणी त्याच्याकडे जाणार नाही' ही प्रत्येकाच्या मनातली भीती हरवते, म्हणून लोकांना न भिता उभे राहता येईल अशी रीत आधी करावी, आणि आपण जिंकलो म्हणून ती मोडू नये.